भैरोबाच्या खांद्यावरच्या मुंग्या

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता जरा माणसाचा हिशोब घेऊ!

हिंदुराव फराकटे नावाचा एक माणूस. गाव फणसदरे. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. आणि सापडलंच, तर नेमकं आपल्याच तालुक्यात निघेल, उगाच भांडणं! तर ह्या हिंदुरावाला सरपंच व्हायचं होतं. आता मला सांगा, सरपंच होऊन त्याला मिळणार होतं काय? मानधन — त्यात महिन्याची तंबाखू भागली तरी नशीब! खुर्ची — तिचा एक हात मागच्या सरपंचाने रागात मोडलेला! मान — वर्षातून दोनदा झेंड्याची दोरी ओढायची, आणि गाठ अडकली की सगळ्या शाळेने खिदळायचं! जमेची बाजू संपली, मंडळी. एवढीच! आणि खर्चाच्या बाजूला? बोकड! साड्या! जीपला डिझेल! पोरांना टोप्या! जावयांना पान!

बरं, हा माणूस उधळ्या असता तर गोष्ट वेगळी. पण हिंदुरावाचं होतं गुऱ्हाळ. काकवीचा थेंब सांडला तर बोटाने पुसून चाटणारा माणूस! गुळाचा कण घेऊन निघालेल्या मुंगीला आडवं बोट लावून तो कण परत घेईल, असा! असला माणूस घाट्याचा धंदा करेल?

छे! त्याला जमेच्या बाजूला एक रक्कम दिसत होती, जी गावाला दिसत नव्हती. साकव, मंडळी, साकव! गावाच्या मधून ओढा. अल्याड गाव, शाळा, रस्ता. पल्याड पंधरावीस घरांची वाडी. पावसाळ्यात ओढा फुगला की पल्याडची वाडी चार महिने दुसऱ्या देशात! तिथे पायी जायचा पूल, म्हणजे साकव, सरकारने मंजूर केला होता. पैसे येणार होते पंचायतीत. आणि पंचायतीत बसणार होता कोण? जो निवडून येईल तो! आता समजला बोकडाचा भाव?

म्हणून आजच्या आख्यानाचा प्रश्न असा — आपण निवडून दिलेल्या माणसाने खाल्लं, तर ते पाप कुणाच्या खात्यावर?

"खाणाऱ्याच्या!" वा! किती पटकन बोललात! सगळे एकदम! एवढ्या जोरात तुम्ही मघाशी देवाचं नावसुद्धा घेतलं नाहीत! थांबा. उत्तर खिशात ठेवा. शेवटी काढू. तोवर हे पद म्हणू. आमचंच आहे, कुठे सैल वाटलं तर आमचे मृदंगी यशवंतराव एक थाप मारून झाकून घेतील —

*बोट माझे, शाई माझी, दोष लावतो देवाला,*
*मुंगी हसते, पाकळी हसते, बघून माझ्या सेवेला!*

ऐका पुढे.

हिंदुरावाच्या विरुद्ध उभा कोण? केरबा खोत. सिमेंट-पत्र्याचा दुकानदार. दोघं लांबचे साडू. म्हणजे एकमेकांचा खर्च किती झाला हे दोघांना रात्रीच्या रात्री बायकांकडून कळत होतं! ह्याने साडी वाटली की त्याने कुकर. त्याने कुकर वाटला की ह्याने जेवण. आणि जेवण कशात? गुऱ्हाळाच्या काहिलीत! उसाचा रस आटवायची ती रुंद लोखंडी काहील, माणूस आडवा झोपेल एवढी. ती धुतली आणि त्यात तांबडा रस्सा! आता काहील किती धुणार? रस्सा गोड लागला, मंडळी! गूळ-मटण! पण फुकटच्या रश्शाला नाव कोण ठेवतो? लोक भुरके मारत म्हणत होते, "अण्णांचा हातच गोड!"

ह्या पंगतीत एक बाई उभी राहिली. हौसाक्का वागवेकर. पल्याडच्या वाडीतली. तिची सून वनिता, लग्नानंतर चार वर्षांनी दिवस गेलेली. हौसाक्काने बोटांवर महिने मोजले होते, आणि बोट थांबलं होतं ते नेमकं श्रावणात! श्रावणात ओढा म्हणजे राक्षस. ती थेट हिंदुरावापाशी गेली.

"अण्णा, मला साडी नगं. मला साकव पायजे."

"आक्का, साडी बी घे, साकव बी घे! एकावर एक!"

"सुनंचं श्रावणात हाय."

"अगं, श्रावणात तू साकवावर झोपाळा बांध!"

हौसाक्काने काय केलं? साडी घेतली! हसू नका, बायाबापड्यांनो. मोरपंखी होती, काठ चांगला होता. मग ती केरबाकडे गेली. तेच बोलणं, तेच वचन. येताना काखेत कुकर! आणि सून? वनिताला डोहाळे असे कडक की मटणाचा वास आला तरी पदर तोंडाला. ती पंगतीला आलीच नाही. घरी भाकरीचा तुकडा मिठाशी खात बसली. हे लक्षात ठेवा. मी विसरलो तर तुम्ही आठवण करा.

आता दोन्ही उमेदवार व्यवहाराला पक्के. हिंदुराव साडी हातात देण्याआधी म्हणायचा, "उचला बेलभंडारा! भैरोबाची शपथ, मत मला!" आणि लोक उचलायचे. दुसऱ्या आळीत केरबा म्हणायचा, "उचला बेलभंडारा!" आणि तेच लोक, तेच हात, परत उचलायचे! एकेका घरात दोन-दोन शपथा, मंडळी! देव्हाऱ्यावर कुकर, कुकरवर साडी, साडीवर भंडारा! आणि मतदान जवळ आलं तसा गावाचा घसा सुकायला लागला. घेताना कुणाला भीती वाटली नाही. पण देव एक, शपथा दोन, आणि मत एकच! कुठली मोडायची? ज्याची मोडू त्याची बाजू घेऊन देव आपल्या म्हशीचं दूध आटवणार!

पारावर सभा भरली. गावात एक दत्तूनाना होते. गावाची अक्कल. म्हणजे गावाला स्वतःची वापरायची नसली की नानांची वापरायची, अशी सोय! नाना म्हणाले,

"येडी रे येडी! शपथ कुणाची घेतली?"

"भैरोबाची."

"मग सोडवील कोण? भैरोबाच! देवाला कौल लावा!"

कौल तुम्हाला माहीत आहे. देवाच्या उजव्या खांद्यावर एक पाकळी, डाव्या खांद्यावर एक पाकळी, पाण्याने चिकटवायची. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. नाना म्हणाले, "उजवी पडली तर हिंदुराव, डावी पडली तर केरबा. पडंल तिकडं सगळं गाव. मग शपथ मोडली कुठं? देवाचीच शपथ, देवाचंच उत्तर! आपुन मोकळं!"

टाळ्या! शिट्ट्या! "नाना, तुमी वकील व्हायला पायजे हुता!"

बघा हं, गंमत बघा. वर्तमानपत्रवाले निकालाच्या दिवशी काय छापतात? "जनतेचा कौल!" कौल जनतेने द्यायचा. आणि ही जनता कौल मागायला निघाली देवाकडे! अहो, भैरोबाचं नाव मतदारयादीत आहे का? त्याच्या बोटाला शाई लावलीत का? त्याला कुकर मिळाला का? मग त्याने काय म्हणून ताप घ्यायचा? पण गाव खूश होतं. का माहीत आहे? उद्या सरपंच वाईट निघाला तर कुणाला बोलायचं ते आजच ठरलं होतं!

पण ह्यात एक तोटा झाला, जो गावाच्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या दिवशी लोक ताटं घेऊन गुऱ्हाळावर गेले. काहील पालथी! चूल थंड! कुत्रंसुद्धा दुसऱ्या गावाला गेलेलं!

"अण्णा, जेवान?"

हिंदुराव दात कोरत म्हणाला, "आता माझं काम देवाकडं हाय. तुमी उपाशी ऱ्हावा. कौलाआधी उपास केल्याला बरा. पुण्य लागंल!"

कळलं का, मंडळी? कालपर्यंत गाव विकत घ्यायचं तर घरोघर साडी लागत होती. आता? एक पाकळी घेतली की झालं! गावाने आपला भाव स्वतःच्या हाताने पाकळीवर आणून ठेवला! विकायला बसलेल्यांनासुद्धा विकायची अक्कल नसावी, हे मला फार लागतं!

आणि पाकळी कुणाच्या हातात? ज्ञानू गुरवाच्या. गरीब माणूस, देवभोळा, आणि गळक्या घराचा. हिंदुराव त्याच्याकडे गेला तो गाडीत पत्रे घालून.

"ज्ञानबा, घर गळतंय म्हणं तुझं?"

"गळतंय की, अण्णा."

"हे पत्रं घे. आन् ही काकवीची बरणी. डावी पाकळी काकवीनं चिकटव. उजवी साध्या पाण्यानं. बाकी देवाची मर्जी!"

बाकी काय उरली होती देवाला मर्जी करायला? पत्रे उतरले. हिंदुराव गेला आणि मागच्या दाराने केरबा आला. हातात दोरी, दोरीला शेळी. दुभती!

"ज्ञानबा, पोरास्नी दूध नसतंय म्हणं?"

"नसतंय की, आबा."

"शेळी घे. उजवी पाकळी तेवढी घट्ट बसीव."

ज्ञानू गुरव बायकोसमोर डोकं धरून बसला. बायको पारू, जिभेने तिखट.

"दोघांचं बी घेतलासा?"

"शेळी माझ्याकडं बघाय लागली गं! न्हाई म्हणवंना!"

"आन् आता?"

ज्ञानू विचार करून म्हणाला, "दोन्ही पाकळ्या काकवीनं चिकटवतो. उजवी पडायची न्हाई, डावी पडायची न्हाई. देव बोलला न्हाई म्हणून सांगतो. पत्रं बी ऱ्हायलं, शेळी बी ऱ्हायली!"

काय सुंदर योजना! ह्या माणसाला मंत्रालयात न्यायला हवा होता! पण ज्ञानूने सगळा विचार केला, फक्त एक विसरला. काय? अहो, गोड लावल्यावर येतं कोण?

सकाळी देऊळ गच्च भरलं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, पोरं खांबावर. हिंदुराव उजवीकडे मांडी घालून, केरबा डावीकडे. ज्ञानूने देवाला स्नान घातलं, पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं — "बा भैरोबा, तू सांगशील ते खरं!" असं म्हणताना त्याचा आवाज असा कापला की लोकांना वाटलं, केवढी भक्ती!

बसले. पाकळी हलेना. ऊन उंबऱ्यावर आलं, हलेना. एका म्हातारीला डुलकी लागली. पोरं भुकेने रडायला लागली. केरबा हळूच गुरवाकडे बघतो, गुरव छताकडे बघतो, हिंदुराव गुरवाकडे बघतो, गुरव जमिनीकडे! आणि मग, मंडळी, पायथ्याच्या फटीतून एक मुंगी निघाली.

एकच! तिने देवाच्या पायावर नाक टेकवलं. चढली. मागून दुसरी. मग रांग! तांबड्या मुंग्यांची पलटण! गुडघा, कंबर, छाती. गळ्यापाशी रांग फुटली. निम्म्या उजव्या खांद्याला, निम्म्या डाव्या! आख्खं गाव बघतंय! डोळे फाडून बघतंय! मुंग्या पाकळीखाली घुसल्या आणि पाकळी बसल्या जागी श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायला लागली.

पुढच्या रांगेत हौसाक्का. तिच्या घरात मुलंमाणसं वाढलेली. मुंगी कशाला येते हे तिला काय सांगायचं? ती उठून उभी राहिली.

"ज्ञानबा! देवाला गूळ लावलास व्हय रं?"

ज्ञानूच्या कपाळावरून घामाची धार. हिंदुरावाची मांडी मोडली. केरबा खोकला. आता काय? आता काय होणार? आता गाव उठणार, गुरवाची मानगूट धरणार, दोघांच्या अंगावर साड्या-कुकर फेकणार, असंच तुम्हाला वाटतंय ना? मलाही पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं!

दत्तूनाना उठले. उपरणं झटकलं. म्हणाले, "हौसे, मुंगी कुणाची?"

"म्हंजे?"

"म्हंजे मुंगी जन्माला कुणी घातली? देवानं! मग देवाची मुंगी देवाच्या खांद्यावर चढली तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

आणि तेवढ्यात — टप्प! उजवी पाकळी पडली! पडली ती दोन मुंग्यांना पाठीवर घेऊनच!

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" हलगी कडाडली! गुलाल उधळला! हिंदुरावाला खांद्यावर घेतलं! त्या धुरळ्यात हौसाक्काने नानांना गाठलं.

"नाना, खरं सांगा. मुंग्या तुमास्नी दिसल्या का न्हाई?"

नाना हळू आवाजात म्हणाले, "दिसल्या की. मी काय आंधळा हाय?"

"मग?"

"आता दिसून काय करू, पोरी? शपथ गळ्यात अडकल्याली हाय. सुटाय वाट तर पायजे. का तू तुझा कुकर परत करतीस? साडी परत करतीस?"

मंडळी, एका कुकरने हौसाक्काचं तोंड बंद केलं! कुकरला निदान शिट्टी असते!

*बोट माझे, शाई माझी, दोष लावतो देवाला…*

म्हणा! बायकांची बाजू कमी पडतेय! कुकर मिळालेल्यांनी तर जोरात म्हणायचं!

मतदान झालं. मशिनीसमोर पुठ्ठ्याच्या आडोशाला प्रत्येक माणूस एकटा होता. तिथे हिंदुराव नव्हता, केरबा नव्हता, नाना नव्हते. पाकळी नव्हती, मुंगी नव्हती. एक बटण आणि एक बोट! हौसाक्काचं बोट क्षणभर थांबलं म्हणतात. मग तिनेही पाकळी पडली तिकडेच दाबलं. हिंदुराव सरपंच झाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण माहीत असलेलंच आपण जास्त विसरतो. साकवाचे पैसे आले. ठेका कुणाला? हिंदुरावाच्या मेव्हण्याला! सिमेंट कुणाच्या दुकानाचं? अहो, केरबा खोताच्या! निवडणुकीपुरतं वैर, साडू ते साडूच! सिमेंट कमी, वाळू फार, सळ्या बारीक, फोटो मोठे! उद्घाटनाला हिंदुरावाने कठड्यावर नारळ फोडला. नारळ शाबूत, कठड्याचा कोपरा खाली!

लोक हसले. हसून काय म्हणाले? "देवानंच निवडलाय बाबा! आपल्या हातात काय हाय?"

पल्याडच्या वाडीने साकवावरून ये-जा सुरू केली. वनिता पोटावर हात धरून रोज तो साकव बघायची. हौसाक्का म्हणायची, "बग, हाय का न्हाई साकव? मी म्हणलं हुतं."

श्रावण लागला. वरच्या डोंगरात असा पाऊस की ओढ्याचं पाणी गेरूच्या रंगाचं झालं. नेमक्या त्याच दिवशी पल्याडच्या वाडीत सत्यनारायण, आणि पुरणपोळीला प्रमुख पाहुणे कोण? सरपंच हिंदुराव फराकटे! सोबत दत्तूनाना. जिथे पोळी तिथे नाना! हिंदुराव तिसऱ्या पोळीवर तूप घेत होता आणि बाहेर आवाज झाला. म्हशीने बसताना करावा तसा, थकलेला. बाहेर येऊन बघतात तर साकव नाही! अल्याड एक खांब, पल्याड एक खांब, मध्ये पाणी!

आणि त्याच घटकेला तिकडच्या घरात वनिताने हाक मारली. "आत्ती!"

कळा सुरू झाल्या, मंडळी. पहिलटकरीण. हौसाक्काने हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. घरात होणारं काम नव्हतं. दवाखाना अल्याड, जीप अल्याड, रस्ता अल्याड.

अल्याडच्या पोरांना हाका मारल्या. आमच्याकडे पुरात नाव नसली की काय काढतात? काहील! गुऱ्हाळातली काहील! पोरांनी हिंदुरावाच्या गुऱ्हाळातून काहील उचलून आणली, मोटेचे जुने दोर बांधले, आणि चौघं पोहणारे तिच्या कडा धरून पल्याड आले. उसाचा रस आटवायची, मटण शिजवायची काहील, आता होडी!

काहिलीत जागा किती? एक माणूस आडवा, एक बसून. वनिता आडवी, हौसाक्का बसून. झालं! आणि हिंदुरावाने धोतर खोचून काहिलीत पाय घातला!

"अण्णा, ह्ये काय?"

"मी फुडं जातो. तालुक्याला जाऊन मदत आणतो. मी सरपंच हाय, माझं वजन पडंल!"

"वजन पडंल म्हणूनच नगं! काहील बुडंल!"

"आक्का, इचार कर. मी गेलो तर मशिनीची बोट येईल, सायब येतील —"

वनिता काठावर आणलेल्या खाटेवर विव्हळत होती. ओढ्याच्या काठी चाफ्याचं झाड होतं. हौसाक्काने एक फूल तोडलं, दोन पाकळ्या काढल्या.

"बरं. मग अण्णा, देवालाच इचारू. कौल लावू. उजवी पडली तर तुमी जावा. डावी पडली तर वनिता जाईल."

हिंदुरावाने पाकळ्यांकडे बघितलं. "येडी हैस का? ही काय कौल लावायची येळ हाय?"

"का? गावाला चालला, तुमास्नी न्हाई चालत?"

"अगं, पाकळीचं काय खरं! वारं आलं, मुंगी आली —"

बोलला! स्वतःच्या तोंडाने बोलला! सगळी वाडी उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. हौसाक्का वळली ती दत्तूनानांकडे.

"नाना, तुमी सांगा. देवाची मर्जी काय?"

नानांनी तोंड उघडलं. सवयीने पहिला शब्द आला, "दे —" आणि तिथेच अडकला. आयुष्यात पहिल्यांदा नानांना देव आठवला आणि त्याचं नाव घ्यायची लाज वाटली. त्यांनी तोंड पुसलं. पुरणाचा कण लागला होता. म्हणाले,

"देवाला इचारू नगा. म्या सांगतो. वनिता."

आणि हात वर केला.

मग शेजारच्याने हात वर केला. मग त्याच्या बायकोने. मग पोहून आलेल्या चौघांनी, ओले हात. हिंदुरावाचा जीपवाला साकव कोसळायच्या आधी त्याला सोडायला आला होता, त्यानेही! "मालक, मला माफ करा," असं म्हणून, पण हात वर! एकटा हिंदुराव उरला, एक पाय काहिलीत, एक पाय चिखलात. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच त्यानेही हात वर केला!

बिनविरोध, मंडळी! फणसदऱ्याच्या इतिहासातली पहिली बिनविरोध निवड! बोकड नाही, साडी नाही, पाकळी नाही!

काहील निघाली. अहो, काहील गोल. तिला पुढं-मागं नाही! पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते. दोर ताणले, पोरं हाका देतायत, "डावं धर! डावं धर!" मध्यावर लाकडाचा एक ओंडका आला, थोडक्यात चुकला. तो साकवाखाली लावलेला टेकूच होता म्हणतात! वनिताने दोन्ही हातांनी काहिलीची कड धरलेली. वेदनेने तोंड वाकडं, आणि त्यातून ती सासूला काय म्हणाली माहीत आहे?

"आत्ती… ह्यातच मटान शिजलं हुतं न्हवं? अजून वास येतोय."

"गप ऱ्हा, पोरी. कड सोडू नगंस."

"मी तर एक घास बी खाल्ला न्हवता वं."

हौसाक्काने अंगावरची मोरपंखी साडी, तीच ती, तिचा पदर वनिताच्या डोक्यावर धरला. पाऊस थांबायचा नाही त्याने, पण तिला दुसरं काही सुचलं नाही.

दोर ओढला गेला. काहील काठाला घासली. अल्याडच्या एका पोराने जीप चालू करून ठेवली होती. वनिता दवाखान्यात पोहोचली, डॉक्टरांनी मूल फिरवलं, पोर सुखरूप झाली, आई सुखरूप! मुलगी! रडली ती अशी की हौसाक्का म्हणाली, "ही कुकरात गप बसायची न्हाई!"

टाळी द्या की! पोर झाली, आणि तुम्ही गंभीर तोंडं करून बसलात!

आता तुमच्याकडे येतो. काढा ते खिशातलं उत्तर. निवडून दिलेल्याने खाल्लं तर पाप कुणाचं? मघाशी केवढ्याने ओरडला होता, "खाणाऱ्याचं!" म्हणा आता. का? आवाज का बसला? ह्या मांडवाचं नवं कोरं कापड कुणी दिलंय, मला ठाऊक आहे. घाबरू नका, मी नाव घेणार नाही. नाव कापडावरच छापलंय! हात जोडलेला फोटोसुद्धा आहे! तुमच्या गावाचीही निवडणूक आली ना? माझ्या बिदागीचं पाकीटही त्यांनीच पुढं केलं होतं. म्हटलं, आरतीच्या ताटात टाका. मी पाकळी नाही, मला चिकटवू नका! द्या त्यांना मत, नका देऊ, ते तुमचं. माझं म्हणणं एवढंच: घरी जाल तेव्हा आपल्या देव्हाऱ्याकडे एकदा नीट बघा. मुंग्या लागल्यात का? आणि लागल्या असतील, तर उद्या "आम्हाला कुठे दिसल्या" असं म्हणू नका. फणसदऱ्यात सगळ्यांना दिसल्या होत्या!

चला, हिशोब मिटवू आणि आरतीला उठू.

हिंदुरावाने बोकड कापले, साड्या वाटल्या. ते सगळं त्याने साकवातून काढून घेतलं. त्याचा खर्च शून्य! केरबाने कुकर वाटले. त्याने ते सिमेंटातून काढून घेतले. त्याचाही शून्य! ज्ञानू गुरवाची शेळी केरबा परत घेऊन गेला, आणि हिंदुरावाचे पत्रे जुन्या गुऱ्हाळाचे, भोकंवाले निघाले. घर गळायचं तसंच गळतंय. शून्य! गावाने मटण खाल्लं ते साकवाच्या पैशाचं, आणि साकव गावाचाच. म्हणजे गावाने स्वतःच्याच पैशाने स्वतःला विकत घेतलं, वर शपथही स्वतःच उचलली! निव्वळ नफा झाला तो फक्त मुंग्यांना. त्यांनी काकवी खाल्ली आणि कुणाला वचन दिलं नाही.

मग भरलं कुणी? आठवण करा म्हटलं होतं, विसरलात ना? सगळ्या गावात एकीनेच त्या काहिलीतलं खाल्लं नव्हतं. पैसे तिने भरले. त्याच काहिलीत आडवी पडून.